पाण्याखाली डोळे उघडणारा माणूस : कॅप्टन कुस्तो



गेल्या हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब फुजैराच्या बाजूला अल अक्काच्या किनाऱ्यावर गेलो होतो. तिथे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर एक खडकाळ टेकाड पाण्यातून वर आलेले दिसते. कार्टूनमधला स्नूपी कुत्रा उताणा झोपल्यासारखे दिसते म्हणून सगळे त्याला स्नूपी बेट म्हणतात. आमच्या कन्येने पाण्याचा चष्मा लावून तोंड पाण्यात घातले आणि पाच मिनिटांनी वर येऊन एकामागून एक प्रश्न विचारायला सुरुवात केली. शेजारून पाठीवर नळकांडे बांधून खाली गेलेले काका अजून वर का आले नाहीत? त्यांना श्वास कोण देतो? हे यंत्र पहिल्यांदा कोणी केले?

आम्ही शिक्षणाने इंजिनियर. रोज संगणकाशी झटापट करून पोट भरतो. तरी या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला नीट देता आले नाही. घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा एका फ्रेंच माणसाचे नाव समोर आले : जाक-ईव्ह कुस्तो. आणि वाचता वाचता आम्ही चकितच झालो, कारण हा माणूस १९५४ साली चक्क आपल्या अबू धाबीच्या समुद्रात येऊन गेला होता. मात्र तो मासे बघायला आला नव्हता! कशाला आला होता, ते पुढे येईलच. आधी तो कोण, ते पाहू.

कुस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समधल्या सँ-आंद्रे-द-क्युब्झाक या छोट्या गावी झाला. लहानपणी प्रकृती तोळामासा. वडिलांच्या नोकरीमुळे घराचे बिऱ्हाड सतत पाठीवर. (आपल्या वर्गातल्या बऱ्याच मुलांना हे ओळखीचे वाटेल!) दहा वर्षांचे असताना ते काही काळ अमेरिकेत होते. तिथल्या उन्हाळी शिबिरात त्यांना तळ्यात बुडी मारून तळाशी पडलेल्या फांद्या काढायचे काम मिळाले. दुसऱ्या कोणाला ती शिक्षा वाटली असती. या मुलाला मात्र श्वास रोखून खाली जाण्याची गोडी लागली. तेराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी खाऊचे पैसे साठवून चित्रपटाचा छोटा कॅमेरा घेतला आणि आत काय आहे ते बघायला आधी तो सुटा करून टाकला. अभ्यासात मात्र लक्ष नव्हते. शाळेच्या खिडक्या फोडल्याबद्दल त्यांना शाळेतून काढूनही टाकले होते. (हे मुलांनी वाचून विसरून जावे.)

१९३० साली ते फ्रान्सच्या नौदलाच्या विद्यालयात दाखल झाले. त्यांना व्हायचे होते वैमानिक. पण १९३६ साली मोटारीचा भीषण अपघात झाला आणि दोन्ही हात मोडले. एका हाताची जखम इतकी चिघळली, की हात कापावा लागेल असे डॉक्टरांनी सुचवले. त्यांनी साफ नकार दिला आणि कित्येक महिने व्यायाम करून हातात पुन्हा ताकद आणली. विमान चालवण्याचे स्वप्न मात्र संपले. हात सुधारावेत म्हणून ते तूलाँ बंदराजवळच्या समुद्रात पोहू लागले. तिथे फिलिप तायेझ नावाच्या नौदलातल्या मित्राने त्यांना पाण्यात घालायचा चष्मा दिला. तो लावून त्यांनी तोंड पाण्यात घातले, आणि रोज वरून बघितलेल्या समुद्राखाली एक वेगळेच गाव वसलेले दिसले. वनस्पती, मासे, खडकांत लपलेले जीव! आमच्या कन्येला स्नूपी बेटाजवळ जे झाले, तेच तेव्हा सव्वीस वर्षांच्या कुस्तोंना झाले असावे.

पण श्वास रोखून माणूस किती वेळ खाली राहणार? एक-दोन मिनिटे. इथल्या आखातातले मोती काढणारे पाणबुडे शेकडो वर्षे असेच खाली जात. नाकाला चिमटा, पायाला दगड, कमरेला दोर, आणि वर नावेत दोर ओढणारा सोबती. ते शिंपले गोळा करून वर येत आणि ते मोती विकायला थेट आपल्या मुंबईच्या बाजारात जात. समुद्रतळाची माहिती या पाणबुड्यांना कोणापेक्षाही जास्त होती. पण तिथे थांबून निवांतपणे बघत राहण्याची सोय त्यांच्याकडेही नव्हती. त्या काळी वरून नळीने हवा पुरवलेला जड पोशाख असे, पण त्यात माणूस दोरीला बांधलेल्या बैलासारखा. कुस्तोंनी शुद्ध प्राणवायूचे यंत्रही वापरून पाहिले. त्यात झटके येऊन ते मरता मरता वाचले.

आता थोडे विज्ञान. पाण्यात दर दहा मीटर खाली गेले, की अंगावरचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे दहा मीटरवर दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट. छातीवर बाहेरून दुप्पट दाब असताना आत येणारी हवाही तितक्याच दाबाची हवी, नाहीतर श्वास ओढताच येणार नाही. शिवाय हवा सारखी वाहत राहिली तर नळकांडे बघता बघता रिकामे होणार. म्हणजे हवे असे, की माणूस श्वास ओढेल तेव्हाच, आणि तो असेल त्या खोलीच्या दाबाचीच हवा मिळावी.

याचे उत्तर सापडले ते मोटारीत! दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सवर जर्मनांचा ताबा होता आणि पेट्रोल मिळत नव्हते. एमिल गान्यां नावाच्या इंजिनियरने मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एक झडप बनवली होती. इंजिनला हवा तेवढाच गॅस ती सोडी. कुस्तोंनी आपली अडचण सांगितल्यावर गान्यांनी तीच झडप माणसासाठी बदलून दिली. १९४३ च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, पॅरिसजवळ मार्न नदीत तिची पहिली चाचणी झाली, आणि ती फसली. आडवे पोहताना यंत्र ठीक चाले. उभे राहिले की हवा भसाभसा वाया जाई, आणि डोके खाली केले की श्वासच मिळेना.

दोघांनी डोके चालवले तेव्हा कारण कळले. उच्छ्वासाची हवा बाहेर पडण्याची जागा आणि झडपेची जागा वेगवेगळ्या उंचीवर होती. माणूस उभा-उलटा झाला, की दोन्ही ठिकाणच्या पाण्याचा दाब वेगळा होई आणि झडप फसे. दोन्ही एकमेकांशेजारी आणल्या आणि काम झाले. आमच्या धंद्यात याला बग सापडणे म्हणतात. चूक सापडली की ती बोटभर जागेत असते, पण सापडेपर्यंत रात्रीची झोप उडते! त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कुस्तो भूमध्य समुद्रात उतरले आणि माशासारखे हवे तिकडे वळत, मोकळेपणी पोहू लागले. आज मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाहुण्यांना पाण्याखाली नेतात तेव्हा पाठीवर असते ते याच यंत्राचे नातवंड.

पुढे १९५० मध्ये कुस्तोंना ‘कॅलिप्सो’ ही बोट मिळाली. ती मूळची युद्धात सुरुंग काढण्यासाठी बांधलेली लाकडी बोट. एका श्रीमंत इंग्रज गृहस्थाने ती विकत घेतली आणि वर्षाला फक्त एक फ्रँक भाड्याने कुस्तोंना दिली. त्यांच्या पत्नी सिमोन यांनी तर पुढची कित्येक वर्षे त्या बोटीवरच संसार केला. पण बोट फुकट मिळाली तरी तिचे तेलपाणी, खलाशांचे पगार आणि डागडुजी फुकट होत नाही. पैसा कायम अपुरा पडे.

आणि इथे आपला अबू धाबी गोष्टीत येतो. १९५० च्या दशकात अबू धाबी हे एक लहानसे गाव होते. जपानी कृत्रिम मोती आणि जागतिक मंदी यांमुळे मोत्यांचा धंदा बुडाला होता. तेल अजून सापडले नव्हते. समुद्राखाली तेल असावे असा अंदाज होता, आणि शोधाचा हक्क एका ब्रिटिश तेल कंपनीकडे होता. तळाचा दगड कसा आहे, ते बघायला खाली उतरणारी माणसे हवी होती. कंपनीने कुस्तोंना काम दिले आणि १९५४ साली कॅलिप्सो आखातात आली. तिच्या पाणबुड्यांनी तळाचे कठीण खडक हातोडी-छिन्नीने फोडून नमुने वर आणले, तळाशी उपकरणे ठेवून मोजमापे घेतली. चार वर्षांनी, १९५८ मध्ये, दास बेटाजवळ उम्म शैफ इथे समुद्राखाली तेल लागले आणि १९६२ मध्ये दास बेटावरून तेलाचे पहिले जहाज निघाले.

मुलांनो, थोडा विचार करा. पुढे ज्यांनी साऱ्या जगाला समुद्र जपायला शिकवले, त्यांच्या बोटीचा खर्च त्या वर्षी तेलशोधाच्या पैशातून निघाला! आम्हाला हे वाचून आधी वाईट वाटले. मग लक्षात आले, की आपण तरी कुठे वेगळे आहोत? ज्या देशात आम्ही नोकरी करतो, त्याची भरभराट त्या तेलापासूनच सुरू झाली. आमच्या घराचे भाडे, तुमच्या शाळेची फी, या वर्गातले पंखे आणि एसी, सगळ्याचा धागा कुठेतरी त्या छिन्नीपर्यंत जातो. तेव्हा कुस्तोंकडे बोट दाखवताना तीन बोटे आपल्याकडे वळतात.

त्यांच्या हातून याहून मोठ्या चुकाही झाल्या. १९५६ साली त्यांचा ‘मौनाचे जग’ हा चित्रपट आला. लुई माल या तरुण दिग्दर्शकाबरोबर त्यांनी तो केला होता. कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, पुढच्या वर्षी ऑस्करही मिळाले. समुद्राच्या तळाचे रंग लाखो लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. त्यात जोजो नावाचा एक भला मोठा मासा आहे. आपण इथे ज्याला हामूर म्हणतो आणि कोकणात हेकरू म्हणतात, त्याच कुळातला. तो पाणबुड्यांच्या मागे मागे पाळलेल्या कुत्र्यासारखा फिरतो, इतका की कामात लुडबुड नको म्हणून त्याला पिंजऱ्यात ठेवावे लागते. तो भाग बघून मुले खूष होतात. पण त्याच चित्रपटात एका ठिकाणी किती जातींचे मासे आहेत ते मोजण्यासाठी प्रवाळाजवळ सुरुंग उडवलेला दिसतो, आणि मग मेलेले मासे ओळीने मांडलेले. बोटीच्या पंख्याने देवमाशाचे पिल्लू जखमी होते, ते खायला शार्क जमतात आणि बोटीवरचे लोक रागाने शार्कना ओढून मारतात. आज हे बघवत नाही. लहान मुलांना दाखवायचे तर पालकांनी शेजारी बसावे.

मग अशा माणसाचे चरित्र आम्ही तुम्हाला का सांगतो आहोत? कारण हा माणूस तिथेच थांबला नाही. तरुणपणी ते भाला घेऊन माशांची शिकार करत. पण वर्षानुवर्षे त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा उतरल्यामुळे त्यांना एक गोष्ट दिसली, जी किनाऱ्यावरून दिसणे शक्यच नव्हते : पूर्वी जिथे माशांची झुंबड असे, तिथे आता शुकशुकाट होता. वरून समुद्र तसाच निळा, तसाच सुंदर. खाली मात्र घर रिकामे होत चाललेले. जे कोणाला दिसत नाही ते नाहीसे झाले तरी कोणाला कळत नाही. हे त्यांना कळले आणि त्यांची दिशा बदलली.

१९५७ पासून ते मोनाकोच्या सागर संग्रहालयाचे संचालक होते. १९६० साली फ्रान्सच्या अणुऊर्जा खात्याने किरणोत्सारी कचरा भूमध्य समुद्रात टाकायचे ठरवले, तेव्हा त्यांनी उघडपणे विरोध केला. लोकही त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि तो बेत बारगळला. त्यानंतरही काही वर्षे त्यांना वाटत होते, की माणूस एक दिवस समुद्राच्या तळाशी घरे बांधून राहील. १९६३ साली सुदानच्या किनाऱ्याजवळ त्यांचे साथीदार तांबड्या समुद्रात दहा मीटर खोल बांधलेल्या घरात महिनाभर राहिले. या प्रयोगांनाही काही पैसा तेल-उद्योगाचाच होता. हळूहळू तो नाद त्यांनी सोडून दिला. समुद्र माणसाने वसवायची जागा नाही, ती आधीच वसलेली आहे, असे त्यांना वाटू लागले असावे.

१९६८ पासून त्यांची समुद्रावरची मालिका दूरदर्शनसंचांवर दिसू लागली. लाल लोकरी टोपी घातलेला, किडकिडीत, लांब नाकाचा हा म्हातारा घराघरांत पोहोचला. १९७३ मध्ये त्यांनी समुद्राच्या रक्षणासाठी संस्था काढली. १९७९ साली मोठा आघात झाला. त्यांच्याबरोबर काम करणारा धाकटा मुलगा फिलिप लिस्बनजवळ पाण्यावर उतरणाऱ्या विमानाच्या अपघातात गेला. तेव्हा कुस्तो ६९ वर्षांचे होते. तरी काम थांबले नाही.

त्यांचे एक मोठे काम तर ऐंशीव्या वर्षीचे आहे! अंटार्क्टिका खंडावर खाणी खोदायला परवानगी देणारा एक करार १९८८ मध्ये तयार झाला होता. कुस्तोंनी त्याविरुद्ध लोकांच्या सह्या गोळा केल्या, दहा लाखांहून जास्त! १९९० मध्ये तर ते सहा खंडांतून एकेक, अशी सहा मुले घेऊन अंटार्क्टिकाला गेले. जी जागा वाचवायची, ती ज्यांच्यासाठी वाचवायची त्यांनी बघायला नको का? अनेक देशांचे मत फिरले, आणि १९९१ साली माद्रिद इथे खाणींवर बंदी घालणारा करार झाला. तो १९९८ पासून लागू आहे. ते बघायला मात्र कुस्तो उरले नव्हते. १९९६ च्या जानेवारीत सिंगापूरच्या बंदरात एका बार्जची धडक बसून त्यांची लाडकी कॅलिप्सो बुडाली, आणि २५ जून १९९७ रोजी पॅरिसमध्ये वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ते आपल्या जन्मगावीच विसावले आहेत.

आता आपल्या दाराशी या. ज्या पाण्यात त्यांचे पाणबुडे हातोडी घेऊन उतरले, त्या पाण्यात काय काय आहे ठाऊक आहे? आखात उथळ आहे, सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर. पण तिथे समुद्री गवताची कुरणे आहेत, आणि ती चरणारी समुद्रगाय आहे, इंग्रजीत जिला ड्युगाँग म्हणतात. अबू धाबीच्या पाण्यात सुमारे ३ हजार समुद्रगायी आहेत. ऑस्ट्रेलिया सोडली तर जगात एवढा मोठा कळप दुसरीकडे नाही. त्यांच्यासाठी मरावा बेटाभोवतीचा समुद्र राखीव ठेवला आहे आणि २००७ मध्ये युनेस्कोनेही त्याला मान्यता दिली. इथले प्रवाळही मोठे चिवट. दुसरीकडचे प्रवाळ ज्या गरम पाण्यात मरून जातील, त्यात हे उन्हाळे काढतात. पण त्यांच्याही सहनशक्तीला मर्यादा आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात पाणी इतके तापले, की प्रवाळ पांढरे पडले आणि त्यांतले पुष्कळसे मेले. कॉर्निशवरून फिरणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ते कळले? आम्हाला तर मुळीच नाही. वरून समुद्र तसाच निळा होता.

जाता जाता एक कबुली. इथे आलो त्या पहिल्या वर्षी आम्ही किनाऱ्यावरून एक सुरेख शंख उचलून आणला. घरी दोन दिवसांनी वास येऊ लागला तेव्हा कळले, की आत छोटा खेकडा होता. शंख धुऊन शोकेसमध्ये ठेवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवला. कुस्तोंचा सुरुंग वाचून आम्हाला तो शंख आठवला. आकार लहान, पण चूक त्याच जातीची : आवडले म्हणून मारले. तो शंख अजून शोकेसमध्येच आहे. फक्त आता कोणी विचारले, की आतल्या खेकड्याची गोष्टही सांगतो.

तेव्हा मुलांनो, पुढच्या अंकासाठी एक काम. या हिवाळ्यात किनाऱ्यावर गेलात, की पाण्याचा चष्मा न्या. काही उचलायचे नाही, पायाखाली प्रवाळ तुडवायचे नाही, फक्त बघायचे. जे तीन जीव दिसतील त्यांची चित्रे काढा. मग फोनवर आजीला किंवा आजोबांना विचारून त्यांची मराठी नावे लिहा, आणि इथल्या कोळीबांधवांना किंवा अरबी मित्रांना विचारून अरबी नावेही. कोकणातल्या आज्यांना सुरमई, बांगडा, तिसऱ्या, कालवे यांच्यापलीकडे किती नावे ठाऊक असतात, ते ऐकून तुम्ही थक्क व्हाल. ज्याचे नाव आपल्या तोंडी आहे, ते नाहीसे झाले तर निदान चुकल्यासारखे तरी वाटते.

पालकांसाठीही काम आहे. चष्मा मुलांनाच देऊन आपण वाळूत चहा पीत बसायचे नाही. आम्ही आजवर तेच केले. या वेळी आम्हीही तोंड पाण्यात घालणार आहोत.